हाताची मजुरी : विट्यातलं एक चांदीकाम

[दृश्य : मूस, तिच्याभोवती ज्योत. वितळणारी चांदी.]

२०२५ साल सुरू झालं तेव्हा चांदी किलोला नव्वद हजार रुपयांच्या आसपास होती. वर्ष सरताना तिनं दोन लाखांचा आकडा ओलांडला. ज्यांच्या कपाटात चांदी होती त्यांना आनंद झाला. पण ज्यांना चांदी विकत घ्यायची, तिचा दागिना करायचा आणि तो विकून घर चालवायचं, त्यांच्याकडे काय झालं हे फारसं कुणी विचारलं नाही. ते विचारायला आम्ही विट्याला गेलो.

विटा हे सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याचं गाव. हा सगळा पट्टा अवर्षणाचा. टेंभू योजनेचं पाणी आलं ते अलीकडे. त्याआधी पोटासाठी इथल्या माणसांनी एक विद्या धरली, गलाईची. जुनं सोनं-चांदी गाळून शुद्ध करून द्यायचं. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ आणि शेजारच्या सातारा जिल्ह्यातले माण-खटाव या तालुक्यांतले गलाईवाले आज उत्तरेपासून केरळ-तामिळनाडूपर्यंत बाजारपेठांमध्ये सापडतात. अनेक घरांतला एक भाऊ शेतीवर असतो आणि दुसरा परमुलखात भट्टीवर.

गलाईचं काम जिवाला त्रासाचं आहे. अशुद्ध चांदी तेजाबात विरघळवतात, तेव्हा तांबूस धूर उठतो, तो छातीत जातो. मग त्या पाण्यात तांब्याचे पत्रे सोडतात. तांबं विरघळत जातं आणि चांदी राखाडी गाळ होऊन तळाशी बसते. तो गाळ धुऊन, वितळवून पुन्हा शुद्ध चांदी.

आम्ही ज्या घरात बसलो आहोत, तिथेही एक पिढी गलाईत गेली. पण या घरातले दादा आणि वहिनी चांदी गाळत नाहीत, घडवतात. जोडवी, पायाच्या बोटांत घालायच्या विरोद्या आणि मासोळ्या, बारशाचे वाळे, चांदीचा करदोडा आणि देवाचे टाक, म्हणजे देव्हाऱ्यातल्या पत्र्याच्या छोट्या प्रतिमा. पुढची खोली म्हणजे दुकान, मागची म्हणजे कारखाना. मदतीला एक पोरगा असतो, लगीनसराईत दोन.

[दृश्य : मागची खोली. ट्यूबलाइट बंद. दादा तार तापवताहेत.]

चांदी ९६२ अंश सेल्सिअसला वितळते. वितळलेली चांदी हवेतला प्राणवायू शोषून घेते आणि थिजताना तो बाहेर टाकते. म्हणून दादा मुशीत टाकणखार घालतात, वरून कोळशाची पूड भुरभुरतात. नाहीतर लगड आतून फोडांची निघते आणि पुढे तार ओढताना नेमकी तिथंच तुटते.

शुद्ध चांदी मऊ असते. जोडवं तर दिवसभर फरशीवर, उंबऱ्यावर, रानातल्या ढेकळांवर आपटणार. म्हणून त्यात तांबं मिसळायचं. हजारात ९२५ भाग चांदी, ७५ भाग तांबं, हे जगभर चालणारं प्रमाण.

लगड ठोकायची, रोल मशीनमधून काढायची, मग जंत्रीच्या, म्हणजे भोकं पाडलेल्या पट्टीच्या, एकाहून एक बारीक भोकांतून ओढायची. प्रत्येक ओढीला तार कडक होते. मध्ये थांबून ती तापवून नरम केली नाही तर तडकते. किती तापवायची ते रंगावरून कळतं. अंधूक लाल रंग आला की ज्योत बाजूला. तो रंग उजेडात दिसत नाही, म्हणून या खोलीतली ट्यूबलाइट त्या वेळी बंद असते.

सगळ्यात अवघड काम डाख देण्याचं, म्हणजे दागिन्याआधी वितळणारा धातू सांध्यात वाहवून जोड देण्याचं. सगळ्या धातूंमध्ये उष्णता सर्वांत वेगानं वाहून नेते ती चांदी. म्हणजे जिथे जोड आहे तेवढंच तापवू म्हटलं तर जमत नाही, अख्खा दागिना तापवावा लागतो. दुसरा जोड देताना पहिला सुटण्याची भीती असते. दागिना वितळायच्या आत डाख वाहिला पाहिजे आणि त्या दोन्हींमध्ये मोकळीक फार थोडी असते. दादा ज्योत सतत फिरवत ठेवतात. नवीन पोराला इथपर्यंत यायला वर्षं लागतात. तोवर तो कानस चालवतो, ओप देतो, रिठ्याच्या पाण्यात माल धुतो.

कानशीतून पडणारा कीस खाली पसरलेल्या कापडावर गोळा होतो. हातसुद्धा एकाच बादलीत धुतात आणि त्या बादलीतलं पाणी कधी ओतून देत नाहीत, खाली बसलेला गाळ राखून ठेवतात. सराफी पेठांतला केर विकत घेऊन, तो धुऊन त्यातलं सोनं-चांदी काढणाऱ्या झारेकरी लोकांचं पोट याच किसावर चालत आलं आहे. किलोला दोन लाख म्हणजे ग्रॅमला दोनशे रुपये. या भावात कापड झटकताना खिडकी बंद ठेवावी लागते.

[दृश्य : दुकान. वहिनींची वही, तराजू, कॅल्क्युलेटर.]

आता हिशेबाकडे येऊ, कारण या धंद्याचं खरं दुखणं तिथं आहे.

समजा जोडव्यांची एक जोडी १२ ग्रॅमची आहे आणि तिची घडणावळ, म्हणजे हाताची मजुरी, तीनशे रुपये आहे. ग्रॅमला नव्वद रुपये भाव होता तेव्हा चांदीचे झाले १,०८० रुपये. गिऱ्हाइकानं दिलेल्या एकूण पैशातला पाचवा हिस्सा, त्याहून थोडा जास्तच, हाताला मिळत होता. भाव दोनशे झाला, चांदी २,४०० रुपयांची झाली. घडणावळ तीच तीनशे. आता हाताला नववा हिस्सा. जोडी तेवढीच, डाख तेवढाच, दादांचं बसणंही तेवढंच.

आणि गिऱ्हाईक काय म्हणतं? जोडी फार महाग झाली, घडणावळ जरा कमी करा. चांदीच्या भावाशी घासाघीस करता येत नाही, तो सगळ्यांना मोबाइलवर दिसतो. घासाघीस होते ती मजुरीशी. भाव जितका चढतो, तितका दाब हातावर येतो. आम्हाला हे बघून वाईट वाटलं आणि ते इथं सांगायलाच हवं असं वाटलं.

त्यात बाजाराची रीत अशी की मजुरीही पुष्कळदा ग्रॅमवर लावतात. पण नाजूक वस्तूला वेळ जास्त लागतो आणि वजन कमी भरतं. वीस ग्रॅमचं साधं कडं आणि तीन ग्रॅमची जाळीची विरोदी, यांत विरोदीला जास्त वेळ बसावं लागतं. ग्रॅमवर मजुरी घेतली की कारागीर हळूहळू जड आणि सोप्या वस्तूंकडे वळतो. गेल्या पिढीतल्या कितीतरी बारीक घडणी बाजारातून गेल्या, त्यामागे हे एक साधं कारण आहे असं आमचं मत बनलं.

शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातली हुपरी चांदीच्या पैंजणांसाठी देशभर ओळखली जाते. तिथं एका पैंजणाचं काम अनेक घरांत वाटलेलं असतं. कुणी कड्या करतं, कुणी घुंगरं, कुणी जोडकाम, कुणी पॉलिश. सगळं गाव मिळून एक कारखाना. सांगलीत तर मोठ्या पेढ्यांची परंपरा आहे, गाडगीळ सराफांची पेढी तिथं १८३२ मध्ये सुरू झाली. या दोन्हींच्या मध्ये बसलेल्या दोन खोल्यांच्या कारखान्यानं वजनाच्या भावात स्पर्धा करू नये, हे वहिनींनी लवकर ओळखलं. दुकानात तयार पैंजण त्या ठेवतच नाहीत.

भांडवलाचं गणितही बदललं आहे. एक किलो चांदी हाताशी असावी म्हटलं तर २०२५ च्या सुरुवातीपेक्षा दुपटीहून जास्त पैसा अडकतो. आज जोडी विकली आणि उद्या भाव चढला, तर आलेल्या पैशात तेवढी चांदी परत येत नाही. म्हणून ऑर्डर घेतली की त्याच दिवशी चांदीचे पैसे आगाऊ घ्यायचे, भाव बांधायचा, चांदी उचलायची. नाहीतर गिऱ्हाइकाची स्वतःची मोड, म्हणजे वितळवायला दिलेले जुने दागिने, घ्यायची.

केंद्र सरकारची पीएम विश्वकर्मा योजना सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झाली. तिच्या अठरा व्यवसायांत सोनार आहे. हत्यारांसाठी पंधरा हजार रुपये मिळतात, पाच टक्के व्याजानं पहिलं कर्ज एक लाखापर्यंत आणि ते फेडल्यावर दुसरं दोन लाखांपर्यंत. योजना चांगली आहे. पण एका लाखात दोन लाखांच्या भावानं अर्धा किलो चांदी येते. योजना आली तेव्हा एका लाखात किलोभर येऊन वर पैसे उरत होते.

जीएसटीचंही तसंच. फक्त मालाच्या विक्रीला नोंदणीसाठी वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीची मर्यादा आहे. नव्वद हजारांच्या भावात ती गाठायला ४४ किलो माल विकावा लागे, दोन लाखांच्या भावात २० किलो पुरतो. काम न वाढता छोटा कारागीर कागदावर मोठा व्यापारी होतो.

[दृश्य : एक आजी पिशवीतून जुने पैंजण काढतात. टंच, म्हणजे शुद्धता, मोजायचं मशीन.]

मोडीची गोष्ट जरा सविस्तर सांगावी लागेल, कारण विश्वास बसतो किंवा मोडतो तो इथं.

बाई वीस भाराचे जुने पैंजण घेऊन येते. भार म्हणजे आता दहा ग्रॅम. तिला वाटतं वीस भार चांदी आहे. पण जुन्या पैंजणात डाख भरपूर, घुंगरं हलक्या धातूची, आणि टंच किती कुणाला ठाऊक. वितळवल्यावर शुद्ध चांदी कमी भरते आणि संशय येतो तो समोरच्या माणसावर. म्हणून इथं मोड गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर वितळते, तिचा टंच समोर काढतात आणि आकडा वहीत लिहून तिला दाखवतात. याला वेळ जातो. वहिनींचं म्हणणं, या वेळात गिऱ्हाईक आयुष्यभराचं होतं.

मोडीत वजन परत येतं. घडणावळ परत येत नाही, ती मुशीत जाते. गिऱ्हाईक मजुरी द्यायला कचरतं त्याचं मूळ हेच आहे, आणि त्याच्या बाजूनं पाहिलं तर ते चुकीचंही नाही. ज्या घरात दागिना म्हणजे अडीअडचणीची पुंजी, तिथं परत न येणारा रुपया टोचणारच.

हॉलमार्कमुळे शुद्धतेचा प्रश्न तरी सोपा होत चालला आहे. चांदीचं हॉलमार्किंग सोन्यासारखं सक्तीचं नाही, पण १ सप्टेंबर २०२५ पासून हॉलमार्क केलेल्या चांदीवरही सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक येतो. मोबाइलवर तो तपासता येतो.

[दृश्य : देव्हारा. तबकात झिजलेले टाक.]

या कारखान्याला तारलं ते देवांनी, असं इथं सगळेच म्हणतात. ते अगदी व्यवहारातही खरं आहे.

या भागात घराघरांत देव्हाऱ्यात टाक असतात. खंडोबा, जोतिबा, सिद्धनाथ, भवानी आणि घरातल्या पूर्वजाचा वीर. रोजच्या पूजेत धुऊन-पुसून, गंध लावून टाक झिजतात. नाक-डोळे पुसट होतात, कडा फाटतात. घरात लग्न ठरलं की देव सोनाराकडे उजळायला आणतात. भाऊ वेगळे झाले की प्रत्येकाला आपला देव्हारा हवा, म्हणजे नवे टाक.

टाकासाठी पातळ पत्रा ठशावर ठेवून ठोकतात. पुढं मात्र ठसा संपतो आणि हात सुरू होतो. खंडोबाच्या घोड्याचा लगाम, म्हाळसेची बसण्याची ठेवण, तलवारीची धार, हे बारीक छिन्नीनं उठवावं लागतं. काही टाकांना पाठीमागून तांब्याचा पत्रा देतात, म्हणजे पुढची चांदी चेपत नाही. जुना टाक आला की दादा आधी तो नीट न्याहाळतात. कुठल्या घराण्यात घोडा उजवीकडे तोंड करतो, कुणाच्या देवाखाली कुत्रा असतो, हे जसं होतं तसंच उतरलं पाहिजे. खरसुंडीच्या सिद्धनाथाला जाणाऱ्या घरात आणि पालीच्या खंडोबाला जाणाऱ्या घरात मागणी वेगवेगळी असते.

टाकाचं वजन थोडं, पण इथं कुणी मजुरीवरून हुज्जत घालत नाही. टाक मोडीत जात नाहीत, पुढच्या पिढीकडे जातात. दुरुस्तीचंही तसंच आहे. सुटलेला डाख, तुटलेली कडी, बाळाच्या वाळ्यातलं हरवलेलं घुंगरू. चांदी नावाला लागते, पैसे हाताचे मिळतात. बाजारातल्या तयार मालाच्या दुकानांना ही कामं नको असतात, म्हणून ती इथं येतात.

[दृश्य : वहिनी मोबाइलवर फोटो काढताहेत. भिंतीवर तक्ता.]

वहिनींनी हेच सूत्र बाकीच्या मालाला लावलं. आधी पुण्या-मुंबईच्या मुलींकडून व्हॉट्सॲपवर ऑर्डरी येऊ लागल्या. त्या मुली ग्रॅम विचारत नव्हत्या, घडण विचारत होत्या. आजीच्या मासोळ्यांचा फोटो पाठवून तशाच करून मागत होत्या. चांदीचा भाव वेगळा आणि घडणावळ नगावर, असं सांगितल्यावर कुणी नाराज झालं नाही. मग तोच हिशेब गावातही सुरू केला.

आता दुकानात घडणावळीचा तक्ता लावला आहे. साधी जोडवी, जाळीची विरोदी, मासोळी, वाळे, करदोडा, टाक, प्रत्येकाची मजुरी नगाप्रमाणे. ती कामाला लागणाऱ्या वेळावरून ठरवली आहे, चांदी चढली काय, उतरली काय, ती तीच राहते. पावतीवर वजन, टंच, त्या दिवशीचा भाव आणि घडणावळ वेगवेगळं लिहिलेलं असतं. जाळीची विरोदी, जी दादांनी बरीच वर्षं केली नव्हती, ती तक्ता लागल्यापासून पुन्हा होऊ लागली आहे.

तक्ता वाचून काही गिऱ्हाइकं पेठेत जातात. काही तिकडचा भाव विचारून परत येतात. लग्नाच्या तिथींआधीच्या टाकांच्या ऑर्डरी भरल्या आहेत. नवी ऑर्डर घेऊन आलेल्याला वहिनी पौषानंतरची तारीख देतात आणि चांदीचे पैसे त्याच दिवशी मोजून घेतात.