पायी चालणाऱ्यांची मोजदाद

नमस्कार श्रोतेहो.

आमच्या सासूबाईंनी पंच्याहत्तरी ओलांडलीय. धुळ्याच्या देवपुरातल्या आमच्या घरासमोरच्या रस्त्यावर त्या कित्येक वर्षांत एकट्या उतरल्या नव्हत्या. गुडघे दुखतात, असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो. मग 2020 चा मार्च उजाडला. 24 तारखेच्या मध्यरात्रीपासून देश बंद झाला. आग्रा रोडवर, जिथं एरवी धक्का लागल्याशिवाय पाऊल पुढं पडत नाही, तिथं कुत्री आडवी झोपलेली. पुरुषमाणसं गच्चीवर फेऱ्या मारायची, बायका ओट्यावरूनच एकमेकींशी बोलायच्या.

जूनमध्ये निर्बंध थोडे सैल झाले. एका संध्याकाळी पाहते तर सासूबाई काठी टेकत, पदर नाकावर घट्ट धरून, रस्त्याच्या मधोमध चाललेल्या. कडेनं नव्हे, मधोमध! कोपऱ्यावरच्या निंबापर्यंत गेल्या, तिथं टेकल्या, परत आल्या. दुसऱ्या दिवशी शेजारच्या दोघी सोबतीला. महिनाभरात त्यांची निंबापर्यंतची फेरी ठरूनच गेली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की अडचण गुडघ्यांची नव्हतीच. रस्ता तोच होता, त्यावरच्या गाड्या तेवढ्या नव्हत्या.

माझा भाचा मेलबर्नला असतो. त्या शहरात 2009 पासून मुख्य रस्त्यांवर, दुकानांच्या छज्जांखाली आणि खांबांवर, पायी जाणाऱ्यांची संख्या टिपणारी यंत्रं बसवलेली आहेत. ती कुणाचा फोटो काढत नाहीत, नुसती माणसं मोजतात. दर तासाचा आकडा कुणालाही पाहता येतो. टाळेबंदीत कचेऱ्या बंद पडल्या आणि शहराच्या मधल्या भागातले ऐन दुपारचे आकडे कोसळले. 2020 च्या ऑगस्टमध्ये तिथं घरापासून 5 किलोमीटरच्या पलीकडे जायला बंदी, रात्री 8 नंतर संचारबंदी आणि व्यायामाला दिवसाकाठी एक तास. भाचा सांगायचा, "मामी, वस्तीतली बाग इतकी भरलेली मी कधी पाहिली नव्हती." लोकांनी चालणं सोडलं नव्हतं. ते बाजारपेठेतून उठून घराजवळ आलं होतं. कामासाठीचं चालणं थांबलं आणि मोकळ्या हवेसाठीचं सुरू झालं.

पण श्रोतेहो, त्याच उन्हाळ्यात आपल्या खान्देशातून आणखी एक चालणं गेलं, त्याला हवा खाणं म्हणता येत नाही. मुंबई-आग्रा महामार्गावरून, लळिंगचा घाट उतरून, पायी गावी निघालेल्या मजुरांच्या रांगा शिरपूरकडे, तिथून सेंधव्याकडे निघालेल्या. मे महिन्याचं आपलं ऊन तुम्हाला ठाऊकच आहे. आम्ही काही जण भाकरी, ठेचा आणि पाण्याचे जार घेऊन फाट्यावर उभे राहायचो. एका पोराच्या चपलेचा अंगठा तुटलेला, सुतळीनं बांधलेला. त्यानं भाकरी घेतली आणि एवढंच विचारलं, "शिरपूर कितना?" पन्नासेक किलोमीटर, असं सांगताना माझी जीभ जड झाली. किती जण गेले? कुणीच मोजले नाहीत.

हे मला फार लागतं. आपल्याकडे बांधकाम खात्याची वाहनगणना होते. माणसं रस्त्याकडेला सात-सात दिवस, रात्रंदिवस बसून ट्रक, मोटारी, दुचाक्या लिहून काढतात. बैलगाडीलासुद्धा रकाना असतो. पायी माणसाला नसतो. आणि रस्ता किती रुंद करायचा, हे अशाच आकड्यांवर ठरतं. मग चालणाऱ्याच्या वाट्याला गटारीवरची फरशी येते, ती पण फुटकी.

पॅरिसनं 2020 च्या मे महिन्यात रिव्होली नावाचा आपला एक मुख्य रस्ता खासगी मोटारींकडून काढून सायकली आणि पायी माणसांना दिला. साथ ओसरली, तरी तो परत घेतला नाही. आपण मात्र सगळं होतं तसं करून टाकलं. सासूबाई पुन्हा ओट्यावर बसतात. चला म्हटलं तर म्हणतात, "फटफट्याच फटफट्या शेतस वं माय, कथाईन चालू मी?" म्हणजे, सगळीकडे फटफट्याच आहेत, मी चालू कुठून?

म्हणून मी एक काम सुरू केलंय, आणि त्यात तुमची सोबत हवी आहे. आठवड्यातून एकदा, सकाळी 7 ते 8, मी मोठ्या पुलाच्या तोंडाशी वही घेऊन उभी राहते. पायी जाणाऱ्या प्रत्येकाची एक रेघ. चार उभ्या, पाचवी आडवी. दूधवाला, डबा घेऊन निघालेली मोलकरीण, शाळेची पोरं, एकवीरा देवीच्या दर्शनाला निघालेल्या बायका. काठीवाल्यांसाठी वेगळं पान ठेवलंय. तुम्ही पाचकंदीलला राहत असाल, अमळनेरला असाल, नंदुरबारला असाल, तर आपापल्या चौकात एक तास उभे राहा. तीन महिन्यांच्या वह्या जमल्या की त्या घेऊन आपण आपापल्या नगरपालिकेत, महापालिकेत जाऊ. माझी पहिली वही भरत आली आहे.

नमस्कार.