मार्थेच्या बाजूने

(वसईतल्या एका चर्चच्या सभागृहात, मातांच्या मेळाव्यात केलेलं भाषण. लिहून काढताना थोडं सावरलं आहे.)

माझ्या बहिणींनो, आणि बायकोला न्यायला लवकर येऊन मागच्या बाकावर अडकलेल्या तीन भावांनो,

पत्रिकेवर माझा विषय छापलाय, 'ख्रिस्ती आईच्या रोजच्या आवडत्या वस्तू आणि घर सजवण्याच्या कल्पना'. मला पंचवीस मिनिटं दिलीत, त्यातली सहा माझी ओळख करून देण्यात गेली. ओळखीत म्हणाले, 'आदर्श गृहिणी'. माझा मोठा मुलगा इथे नाही, म्हणून खपलं.

तर वस्तू. काल रात्री यादी करायला बसले. दहा लिहायच्या होत्या, पण पहिलीवरच गाडी अडली. कारण पहिली वस्तू म्हणजे बिअरची बाटली.

हसा, हसा. ज्यांच्या घरी बाटली मसाला होतो त्या काही हसलेल्या दिसत नाहीत. बाकीच्यांसाठी सांगते. माझं माहेर मुंबईकडच्या साष्टीतल्या गावठाणातलं, आम्ही ईस्ट इंडियन. 'अरबी समुद्रात पाय सोडून बसलेली माणसं ईस्ट कशी गं?' असं माझ्या सासूबाईंनी लग्नाच्या आठवड्यातच विचारलं होतं. तेव्हा सुचलं नाही, आता त्या नाहीत, तरी उत्तर देऊन टाकते. १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला पन्नास वर्षं झाली तेव्हा, आमच्या लोकांनी हे नाव घेतलं. गोव्याहून, मंगळूरहून मुंबईत नोकरीला येणारे ख्रिस्ती वेगळे आणि आम्ही इथलेच, हे साहेबाला कळावं म्हणून. ईस्ट इंडिया कंपनीचं नाव लावलं, दिशा कोणी बघितली नाही.

आता मसाला. एप्रिल-मेचं कडक ऊन पडलं की गच्चीवर चादरी अंथरायच्या. काश्मिरी मिरची रंगाला, दुसरी तिखटाला. धने, तीळ, खसखस, मोहरी, हळकुंड, दालचिनी, जायपत्री, नागकेशर, दगडफूल, तिरफळ. शिवाय गहू आणि चण्याची डाळ, हो, मसाल्यात. एकेक जिन्नस वेगळा भाजायचा, कारण तीळ आणि हळकुंड एका विस्तवावर एका वेळी भाजून होत नाहीत. माझ्या आईचे सत्तावीस जिन्नस होते. शेजारच्या मावशीचे तीस. वरचे तीन कोणते ते ती कबरीत घेऊन गेली. कांडायला बायका यायच्या, या घरून त्या घरी, ठरलेल्या. एका उखळाभोवती तिघी, तीन मुसळं, एक वर एक खाली, आणि कधी एकमेकींना लागायचं नाही. मी लहानपणी डोळे मिटून ऐकत बसायचे. आता चक्की आहे. चक्कीचा मसाला मी करते, पण चक्कीपुढे डोळे मिटून कोण बसणार?

आणि मग बाटल्या. बाटली तपकिरीच हवी, उजेड लागला की मसाल्याचा रंग उडतो. आई वर्तमानपत्राचं नरसाळं करायची, बाटलीखाली चौघडी केलेलं फडकं ठेवायची आणि मसाला सोडत सोडत बाटली त्या फडक्यावर आपटायची. ठक. आत हवा राहिली तर पावसाळ्यात जाळी धरते, म्हणून ठासून भरायचा. आणि प्रत्येक ठक्‌ला एक 'नमो मरिये'. दहा झाले की बाटली गळ्यापर्यंत आलेली असायची. मग बूच. जपमाळेतल्या दहा 'नमो मरियें'चं एक दशक, पाच दशकांची माळ. एक दशक, एक बाटली. वीस बाटल्यांत चार अख्ख्या माळा. आम्हा पोरांना वाटायचं जपमाळ ही मसाला भरायचीच प्रार्थना आहे. मे महिन्यात म्हणायची, आणि मग ऑक्टोबरात चर्चमध्ये म्हणतात तेव्हा मसाला कुठे असतो, हे मी एकदा फादरना विचारलंही होतं.

आता मूळ गोष्ट. ही मी सगळीकडे सांगते, ज्यांनी ऐकलीय त्यांनी चहाकडे लक्ष ठेवा.

त्या वर्षी ईस्टर उशिरा होता. ईस्टरआधीचा उपवासकाळ एप्रिलमध्ये आलेला, आणि ऊन तर आत्ताच. मी भंगारवाल्याला वीस बाटल्या सांगितल्या. तो म्हणाला, 'ताई, घरी कोणी आजारी आहे का?' त्याचा काय समज झाला देव जाणे. बाटल्या आल्या, मी बादलीत सोडा घालून भिजवल्या, चिकटलेले कागद खरवडले आणि अंगणाच्या भिंतीवर ओळीने पालथ्या घातल्या. समोरच्या इमारतीत नवं बिऱ्हाड आलं होतं, गॅलरी थेट आमच्या अंगणावर. झावळ्यांच्या रविवारच्या आधीचा आठवडा. कल्पना करा, उपवासकाळात, भिंतीवर वीस.

गुरुवारी संध्याकाळी आळीतल्या पाच बायका माळा घेऊन दारात. मला आनंद झाला, दिवा लावला, ह्यांना खुर्चीवरून उठवून गुडघ्यावर बसवलं. जपमाळेतली दुःखाची रहस्यं, म्हणजे प्रभूच्या छळाचे पाच प्रसंग, सुरू झाली. सुरुवातीला हेतू सांगितला, 'व्यसनाच्या विळख्यात सापडलेल्या कुटुंबांसाठी'. मी मोठ्याने आमेन म्हटलं. माझ्या डोळ्यांपुढे दुसरंच घर होतं, ते सांगत नाही. दुसरं दशक झालं. तिसऱ्या दशकात, काट्यांच्या मुकुटाला, त्यातल्या सगळ्यात वडील बाईंनी पुढे सरकून ह्यांच्या डोक्यावर हात ठेवला. डोळ्यांत पाणी. ह्यांना पित्ताचा त्रास, लग्नात हे कोकम सरबत पितात, तेही अर्धा ग्लास. हे माझ्याकडे बघतात, मी त्यांच्याकडे. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात ठक झालं.

मी उठले. फळीवर गेल्या वर्षीची एक बाटली शिल्लक होती, ती आणून मधोमध ठेवली. बाईंचा चेहरा पडला, त्यांना वाटलं कबुली आली. मी बूच काढलं आणि नाकाखाली धरलं. त्यांना लागोपाठ तीन शिंका आल्या. मग म्हणाल्या, 'मसाला?' कोणी हसेना, कोणी बोलेना. पण माळ मध्येच टाकून कसं उठणार? उरलेली दोन दशकं आम्ही म्हटलीच, हेतू बदलून. जाताना प्रत्येकीला कागदात बांधून मसाला दिला. समोरच्या बिऱ्हाडालाही पाठवला. आता त्या वडील बाई दर वर्षी भरायला येतात, आणि त्यांची बाटली माझ्याहून घट्ट होते.

चिठ्ठी आली. 'पाच मिनिटं.' अगं बाई, मार्था राहिलीच की.

भरभर सांगते. तीन वर्षांतून एकदा जुलैच्या रविवारी लूकच्या शुभवर्तमानातला दोन बहिणींचा तो उतारा येतो, मार्था राबते आणि मरिया प्रभूच्या पायाशी बसते. प्रवचनात ठरलेलं: मार्था होऊ नका, मरिया व्हा. मग प्रवचन देणारे जेवायला येतात आणि ताट आमच्याकडेच सरकवतात. माझं म्हणणं, नीट वाचा. प्रभू तिला काळजी करतेस, दगदग करतेस म्हणाला. स्वयंपाक करू नकोस असं कुठे म्हणाला? आणि पुढे योहानाचं शुभवर्तमान उघडा, अकरावा अध्याय. त्यांचा भाऊ लाजर मेलाय, प्रभू येतोय हे कळल्यावर वाटेवर धावत कोण गेली? मार्था. मरिया घरात बसून राहिली. आणि 'तू ख्रिस्त आहेस, देवाचा पुत्र आहेस' हे तोंडाने कोण म्हणालं? हीच, भांडीवाली. शिष्य पेत्राने हेच म्हटलं तर त्याला स्वर्गाच्या राज्याच्या किल्ल्या मिळाल्या. हिला पुढच्याच अध्यायात बघा, त्यांच्या गावी, बेथानीत, पुन्हा जेवण, मार्था पुन्हा वाढतेय. आणि तिथे तिला कोणी काही बोलत नाही. बिचारीचा वर्षाचा एक सण, २९ जुलै. त्यातही २०२१ साली बहीण-भाऊ आणून बसवले. आता तिघांचा सण. म्हणजे त्या दिवशीही हिलाच तिघांचं ताट मांडायचं.

घर सजवण्याच्या कल्पना. दोनच. एक, हल्ली भिंतीवर लावायच्या त्या लाकडी पाट्या, बायबलमधल्या यहोशवाच्या पुस्तकातलं घराण्याचं वचन इंग्रजीत, खाली पानंफुलं. मला तीन भेट आल्यात. प्रार्थना मराठीत, भांडणं मराठीत, आणि भिंत तेवढी इंग्रजीत? त्यापेक्षा झावळीचा क्रूस करा. मुलांच्या हातून, वाकडा होऊ दे. वेदीच्या तसबिरीमागे खोचा, वर्षभर वाळू दे, पुढच्या वर्षी राखेच्या बुधवारआधी, म्हणजे उपवासकाळ सुरू व्हायच्या आधी, चर्चमध्ये परत द्या. त्याचीच राख कपाळावर येते. माझ्या धाकटीने एकदा आरशात बघून विचारलं होतं, 'ह्यात माझा वाकडावाला आहे का?' दुसरी, आगेऱ्याला, म्हणजे नव्या पिकाच्या सणाला, आशीर्वादून आणलेली भाताची लोंबी. ती तांदळाच्या डब्यावर बांधा, शोकेसमध्ये नको. डबा उघडताना हाताला लागली पाहिजे.

बाकीच्या नऊ वस्तू राहिल्या. कढई होती त्यात, आणि माझ्या आईची किसणी. जाऊ द्या.

चहा आला वाटतं. फक्त एक घोषणा. एप्रिल जवळ आलाय. ज्यांच्या घरी तपकिरी बाटल्या रिकाम्या होत असतील त्यांनी भंगारात देऊ नयेत, माझ्या फाटकाशी ठेवाव्यात. कोणाच्या, किती, मी विचारणार नाही. मागच्या बाकावरच्या भावांनो, हिरव्या नकोत.