ऑल इंग्लंड आणि आपलं मंगल कार्यालय

(अंबाजोगाईत उन्हाळी व्याख्यानमालेत एका निवृत्त क्रीडाशिक्षकांनी केलेल्या भाषणाचं संपादित रूप)

मंडळी, आणि पुढं सतरंजीवर बसलेल्या लेकरांनो,

माझ्या हातात हे बॅडमिंटनचं फूल आहे. मागच्या रांगेत दिसायचं नाही, म्हणून सांगतो. बुडाला पातळ चामडं चढवलेलं बूच आणि त्यात गोल खोचलेली सोळा पिसं. सोळाच्या सोळा एकाच बाजूच्या पंखाची लागतात. डाव्या आणि उजव्या पंखाची मिसळली, तर फूल नीट फिरत नाही, हवेत डगमगतं. सगळ्याचं मिळून वजन पाच ग्रॅमच्या आसपास, म्हणजे आपण चहात टाकतो तेवढी चमचाभर साखर. आता हे तळहातावर ठेवून मी नुसती फुंकर मारतो. बघा, कुठं जाऊन पडलं ते. उचलून दे रे बाळा.

या खेळाला छप्पर का लागतं, ते एवढ्यात तुमच्या लक्षात आलं असेल. मी अठ्ठावीस वर्षं शाळेच्या मैदानावर चुन्याच्या रेषा मारून बॅडमिंटन शिकवलं. आपल्याकडं सकाळी आठनंतर वारं सुटलं की खेळ संपला. मारायचं सरळ आणि फूल जायचं शेजारच्या बाभळीत. मग आम्ही नायलॉनचं फूल वापरायचो, कारण ते जड वाटतं आणि टिकतं. पण नायलॉनच्या फुलावर हात बसलेलं लेकरू जिल्ह्याला जाऊन पिसाच्या फुलावर खेळलं की गोंधळून जायचं. नेटजवळ हलकेच टाकलेलं फूल त्याला दोन हात पुढं पडलेलं दिसायचं. चूक लेकराची नव्हती.

आजचा विषय बॅडमिंटनची सगळ्यांत जुनी आणि मानाची ऑल इंग्लंड स्पर्धा आणि तिचे विजेते. मी ही यादी कितीदा तरी वाचलीय. दरवेळी मला तिच्यात खेळाडूंच्या नावाआधी हॉल दिसतात. कुणाला कुठं छप्पर मिळालं, त्याचीच ती यादी आहे असं माझं मत झालंय.

पहिली स्पर्धा 1899 साली लंडनला झाली. बकिंगहॅम गेटजवळ एका लष्करी पलटणीचा कवायतीचा हॉल होता, तिथं. सगळा खेळ एका दिवसात आटोपला. त्या वर्षी फक्त दुहेरीचे सामने होते, एकेरी पुढच्या वर्षी, 1900 ला आली. तेव्हाचं कोर्टसुद्धा आजच्यासारखं चौकोनी नव्हतं. डमरूसारखं होतं, नेटपाशी कंबर बारीक आणि दोन्ही टोकांना रुंद. त्याचं एक कारण सांगतात ते असं, की ज्या दिवाणखान्यात हा खेळ चालायचा, तिथली दारं मधोमध आतल्या बाजूला उघडायची, म्हणून रेषा आत घ्याव्या लागल्या. 1901 ला ते कोर्ट गेलं आणि आजचं आलं. म्हणजे नियमसुद्धा खोली बघून ठरला. आणि खेळ इंग्लंडच्या ज्या बॅडमिंटन हाऊसच्या नावानं जगभर गेला, त्याच्या आधी त्याला 'पूना' म्हणत, आपल्या पुण्याच्या छावणीवरून. हे पुणेकरांनी सांगायच्या आधी मीच सांगून टाकतो.

पहिल्या पर्वातलं सगळ्यांत मोठं नाव सर जॉर्ज थॉमस. 1903 ते 1928 या काळात त्यांनी एकेरी, दुहेरी आणि मिश्र मिळून 21 विजेतेपदं घेतली. त्यातली एकेरीची चार, 1920 ते 1923 अशी लागोपाठ. हेच गृहस्थ बुद्धिबळात दोनदा ब्रिटनचे विजेते होते. 1934-35 च्या हेस्टिंग्जच्या स्पर्धेत त्यांनी माजी जगज्जेता कापाब्लांका आणि पुढं जगज्जेता झालेला बोटविनिक या दोघांना एकाच स्पर्धेत हरवलं. बुद्धिबळ खेळणाऱ्यांना विचारा, याचा अर्थ काय होतो. बॅडमिंटन म्हणजे मनगट आणि पळणं असं ज्यांना वाटतं, त्यांना मी हे नाव सांगतो. पुरुषांच्या सांघिक स्पर्धेचा थॉमस कप यांनीच दिला.

दुसरं घराणं डेव्हलिनांचं. आयर्लंडचे फ्रँक डेव्हलिन यांची 18 विजेतेपदं. ते पुढं अमेरिकेत बाल्टिमोरला जाऊन शिकवायला लागले आणि त्यांच्या हाताखाली त्यांचीच लेक तयार झाली. ज्युडी. तिनं 1954 ते 1967 मध्ये महिला एकेरी दहा वेळा जिंकली, वर दुहेरीची सात. ज्या घरात बाप शिकवतो, तिथं लेकरू जेवताना सुद्धा शिकतं. मुलीला रॅकेट घेऊन द्यावी की नाही, असा विचार करणारे पालक इथं बसले असतील, म्हणून ज्युडीचं नाव मुद्दाम घेतलं.

पहिल्या महायुद्धात स्पर्धा बंद पडली, दुसऱ्यातही पडली. 1947 ला पुन्हा सुरू झाली, तेव्हा आपला एक माणूस अंतिम फेरीत गेला, लाहोरचा प्रकाश नाथ. त्याच्यासोबत देविंदर मोहन गेला होता. दोघे वाटेत एकमेकांसमोर आले. दमून खेळण्यापेक्षा त्यांनी नाणं उडवलं आणि प्रकाश नाथ पुढं गेला. अंतिम सामन्याच्या दिवशी त्यानं वर्तमानपत्रात वाचलं की लाहोर पेटलंय. घर तिथं, माणसं तिथं. त्या मनानं तो कोर्टावर उतरला आणि स्वीडनच्या कॉनी येपसेनकडून हरला. फाळणीत लाहोर तर सुटलंच, रॅकेटही सुटली. रझाकारांच्या दिवसांत घराला कुलूप लावून निघालेली माणसं आपल्या घराघरांतल्या गोष्टींत आहेत. त्यामुळं उपविजेत्यांच्या यादीतलं ते नाव मला कधी नुसतं नाव वाटत नाही.

त्यानंतर आठ वर्षं, 1950 ते 1957, पुरुष एकेरी मलायाबाहेर, म्हणजे आजच्या मलेशियाबाहेर, गेली नाही. चार वेळा वाँग पेंग सून, चार वेळा एडी चूंग. मग डेन्मार्कच्या एर्लंड कॉप्सनं दहा वर्षांत सात वेळा जिंकली. डेन्मार्क हा आपल्या काही जिल्ह्यांएवढ्या लोकसंख्येचा देश. पण थंडी अशी की खेळायचं तर आतच, म्हणून गावोगाव हॉल आणि हॉलगणिक क्लब. मग आला इंडोनेशियाचा रूडी हार्तोनो. 1968 ते 1974 सलग सात आणि 1976 ला आठवं. पुरुष एकेरीत आठ दुसऱ्या कुणालाच जमली नाहीत. चीनचा लिन डान सुद्धा सहावर थांबला.

आता ज्या सामन्यासाठी मी आलोय, तिकडं वळतो.

मार्च 1980, लंडनचं वेम्बली. समोर इंडोनेशियाचा लीम स्वी किंग, आधीची दोन वर्षं विजेता. उडी मारून असा स्मॅश, म्हणजे वरून खाली जोराचा फटका, मारायचा की त्या स्मॅशला त्याचंच नाव पडलं होतं. नेटच्या अलीकडं आपला प्रकाश पदुकोण, वय चोवीस, डेन्मार्क आणि स्वीडनच्या स्पर्धा नुकत्याच जिंकून आलेला. प्रकाशनं वेगाला वेगानं उत्तर दिलंच नाही. त्यानं खेळाचा वेगच काढून घेतला. अर्धा स्मॅश, मध्येच ड्रॉप म्हणजे नेटजवळ अलगद टाकलेलं फूल, नेटवरून लोळत पलीकडं उतरणारं फूल. लीमला उडी घ्यायला पाय रोवता आले नाहीत. 15-3, 15-10. लक्षात घ्या, तेव्हा ज्याची सर्व्हिस त्यालाच गुण मिळायचा. त्या पद्धतीत लीमसारख्याला तीनवर रोखणं म्हणजे काय, हे आज 21 गुणांचा खेळ बघणाऱ्यांना चटकन कळणार नाही. मी तेव्हा अकरावीत होतो. वर्तमानपत्रातला तो फोटो कापून वहीच्या पुठ्ठ्याच्या आत चिकटवला होता. डिंक जास्त झाला आणि मागची अक्षरं पुढं उमटली, तरी मी ती वही बारावीपर्यंत वापरली.

हा माणूस शिकला कुठं? बंगळूरच्या मल्लेश्वरम भागात कॅनरा युनियन नावाची संस्था आहे. तिचा एक हॉल होता, आणि तो लग्नाचा हॉल होता. वडील रमेश पदुकोण बॅडमिंटनच्या संघटनेचं काम बघायचे. लग्न नसेल त्या दिवशी तिथं नेट लागायचं, लग्न असेल त्या दिवशी खेळ बंद. जगाचा विजेता अशा हॉलमधून निघाला. हे वाचलं त्या दिवशी मला रात्री झोप लागली नाही. कारण स्टेडियम आपल्याकडं नाही, हे मी वर्षानुवर्षं म्हणत होतो. पण मंगल कार्यालय? ते कुठल्या तालुक्याला नाही?

मी आमच्या गावच्या एका कार्यालयाच्या मालकांकडं गेलो. भला माणूस. म्हणाले, "सर, तारीख नसंल तवा खेळवा, पण फरशीला खिळा ठोकू नका." मग आम्ही दोन रिकामे डबे काँक्रीटनं भरून त्यात लोखंडी पाइप उभे केले. नेट मध्ये पाच फूट, खांबांशी पाच फूट एक इंच, फूटपट्टीनं मोजून. रेषा रंगीत चिकटपट्टीच्या. पंखे बंद ठेवायचे, कारण पंख्याखाली फूल तिरकं पळतं. लेकरं घामानं निथळायची. आणि लग्नाच्या दुसऱ्या दिवशी आधी अर्धा तास झाडू. अक्षतांचा एक दाणा जरी बुटाखाली आला, तरी पाय सटकतो. भिंतीला अंग टेकवलं की हळदीचा डाग. स्टेजवर फुलांची कमान तशीच असायची, तिच्या पुढं आमचा बॅकहँड चालायचा. त्या दोन वर्षांत आमच्या तीन मुली विभागीय पातळीपर्यंत खेळल्या. मैदानावरच्या आधीच्या सगळ्या वर्षांत एक सुद्धा गेली नव्हती.

याच्या उलटही बघितलंय. एका तालुक्याला चांगला हॉल बांधलेला, उंच छप्पर, लाकडी फरशी. मी मुलींना घेऊन गेलो तर आत पोत्यांची थप्पी लागलेली आणि फरशी ओलीनं फुगलेली. मुली दारातून आत बघत उभ्या होत्या. त्या दिवसाचं मला अजून वाईट वाटतं.

दुसरा भारतीय विजेता पुल्लेला गोपीचंद. 1994 ला पुण्याच्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत दुहेरी खेळताना त्याचा गुडघा गेला. शस्त्रक्रिया झाल्या, लोकांनी त्याच्यावरची आशा सोडली. 2001 ला बर्मिंगहॅममध्ये त्यानं उपांत्य फेरीत डेन्मार्कच्या पीटर गेडला 17-14, 17-15 हरवलं आणि अंतिम सामन्यात चीनच्या चेन हाँगला 15-12, 15-6. प्रकाशनंतर एकवीस वर्षांनी. पण मला त्याचं त्याहून मोठं काम वाटतं ते पुढचं. त्यानं हॉल बांधला. सरकारनं जागा दिली, पैसा पुरेना तेव्हा राहतं घर गहाण ठेवलं आणि 2008 ला हैदराबादेत अकादमी उभी राहिली. सायना तिथं घडली, सिंधू तिथं घडली. सायना 2015 ला ऑल इंग्लंडच्या अंतिम फेरीत गेली, स्पेनच्या कॅरोलिना मारिनकडून हरली. 2022 ला लक्ष्य सेन अंतिम फेरीत गेला, तो प्रकाशच्या अकादमीचा. त्याच वर्षी गोपीचंदची लेक गायत्री ट्रीसा जॉलीच्या जोडीनं दुहेरीच्या उपांत्य फेरीत पोचली, पुढच्या वर्षी पुन्हा. बापानं हॉल बांधला, लेक त्यात खेळली. ज्युडी डेव्हलिन आठवते ना?

आणि हैदराबाद आपल्याला लांब नाही. 1956 पर्यंत आपण त्याच राज्यात होतो. आजही नांदेडचा, लातूरचा माणूस दवाखान्यासाठी मुंबईआधी हैदराबादचं नाव घेतो. तो रस्ता आपल्या पायाखालचा आहे. फक्त रॅकेट घेऊन त्या रस्त्यानं फार थोडे गेलेत.

एक शेवटचं सांगतो आणि थांबतो. लग्नाच्या तिथी आषाढी एकादशीला संपतात आणि तुळशीच्या लग्नानंतर पुन्हा सुरू होतात. मधले चार महिने कार्यालयं जवळजवळ रिकामी असतात. बाहेर पाऊस, चिखल, मैदान बंद. या गावातल्या दोन मालकांशी मी आज दुपारीच बोलून आलोय, दोघंही हो म्हणालेत. काँक्रीटचे डबे आणि पाइप माझ्याकडं अजून आहेत. एक नेट नवं घ्यावं लागेल. वेळ सकाळी साडेपाच ते साडेसात. या दाराशी वही ठेवलीय. लेकरांनी नाव लिहावं, शेजारी बुटाचा नंबर लिहावा, आणि मुलींची नावं आधी घ्यावीत.