गोठलेल्या सरोवरावरचे हिम

श्रोतेहो, नमस्कार. फिनलंडच्या उत्तर टोकाला, आर्क्टिक वृत्ताच्याही पलीकडे, इनारी नावाचे सरोवर आहे. त्याचा विस्तार हजार चौरस किलोमीटरहून थोडा अधिक असून त्यात तीन हजारांवर बेटे आहेत. मासेमारी आणि रेनडिअरपालन करणाऱ्या सामी लोकांचा हा मुलूख आहे. हिवाळ्यात सरोवर गोठले की त्याच्या पाठीवरूनच ये-जा सुरू होते, त्यामुळे बर्फ किती जाड आहे हा तेथे रोजच्या व्यवहाराचा प्रश्न असतो.

उथळ खाड्या आधी गोठतात आणि खोल पाणी मागाहून गोठते. पाणी चार अंश सेल्सियसला सर्वांत जड असते. म्हणून वरचे थंड झालेले पाणी खाली बसत राहते आणि सगळा साठा त्या तापमानाला आल्यावरच पृष्ठभाग शून्याकडे जाऊ लागतो. गोठण्याच्या आणि फुटण्याच्या तारखा लिहून ठेवण्याची फिनलंडची परंपरा जुनी आहे. टोर्निओ नदीवरील बर्फ फुटल्याच्या नोंदी 1693 पासून, तर काल्लावेसी सरोवराच्या नोंदी 1833 पासून मिळतात. हवामानाच्या अभ्यासकाला त्या अमूल्य आहेत, परंतु पलीकडच्या बेटावर जाऊ पाहणाऱ्याला तारखेचा उपयोग नसतो, त्याला जाडी हवी असते, आणि माझ्या मते नुसती जाडीही पुरेशी नाही. तिच्यावर हिम किती साचले आहे हे कळल्याशिवाय तो आकडा अर्धवटच राहतो.

म्हणूनच मोजणारा माणूस प्रथम पट्टी खुपसून हिमाची खोली पाहतो. मग हिम बाजूला सारून तो गिरमिटाने बर्फाला भोक पाडतो आणि टोकाला आडवा आकडा असलेली काठी त्यातून खाली सोडतो. तो आकडा बर्फाच्या खालच्या बाजूला अडकला की जाडी वाचता येते. भोकात पाणी कुठवर चढले, हेही तो टिपून ठेवतो. फिनलंडमध्ये ठरलेल्या ठिकाणी अशी मोजणी महिन्याच्या 10, 20 आणि 30 तारखेला करण्याचा प्रघात आहे.

पाण्याच्या पातळीची ही नोंद महत्त्वाची का, ते पाहू. हिम ही बर्फावर पसरलेली गोधडीच असते: तिच्यातल्या हवेमुळे खालच्या पाण्याची ऊब बाहेर पडत नाही, आणि कडाक्याच्या थंडीतही बर्फाची वाढ मंदावते. शिवाय या गोधडीला वजन असते. बर्फ पाण्यापेक्षा जेमतेम आठ टक्के हलका आहे. त्यामुळे 30 सेंटीमीटर जाडीचा तरंगता थर दर चौरस मीटरला सुमारे 25 किलो भार घेऊ शकतो, म्हणजे दबून बसलेले हिम असेल तर अवघे 10 सेंटीमीटर! त्याहून अधिक हिम साचले, की बर्फाचा माथा पाण्याच्या पातळीखाली जातो, भेगांतून पाणी वर येते आणि वरून कोरड्या दिसणाऱ्या हिमाखाली चिखलासारखा गारा तयार होतो. स्नोमोबाइल त्यात रुतते. उपग्रहाच्या छायाचित्रात सरोवर कुठवर गोठले ते उत्तम दिसते, हा लपलेला गारा मात्र सहजासहजी दिसत नाही.

पुढे हा गारा गोठून पांढरा, बुडबुड्यांनी भरलेला बर्फ होतो. तो काळसर, पारदर्शक बर्फापेक्षा बराच कमजोर असतो, म्हणून नोंदवहीत एकूण जाडी आणि पांढऱ्या थराची जाडी वेगवेगळी लिहितात. ताज्या, घट्ट, पारदर्शक बर्फाची पाच सेंटीमीटर जाडी एका माणसाला पुरते असे मानतात, पण हा हिशेब पांढऱ्या बर्फाला लागू नाही. तसेच दोन बेटांमधल्या अरुंद वाटेत, जेथे प्रवाह असतो, तेथे शेजारच्या भोकातला आकडा गृहीत धरणे धोक्याचे असते.

वसंतात तर काठीवरचा आकडाच फसवा ठरतो. ऊन चढल्यावर बर्फ स्फटिकांच्या सीमांवरून वितळू लागतो आणि त्याचे उभे कांडे एकमेकांपासून सुटे होतात. मोजल्यास जाडी अर्धा मीटर भरते, तरीही तो माणसाचे वजन पेलेलच असे नाही. त्यामुळे त्या दिवसांत आकड्याबरोबर बर्फाचा पोतही तपासावा लागतो.