दहा जागांतून ढोल गायब
अमेरिकेतल्या आपल्या मंडळाच्या गणेशोत्सव मेळाव्यातील भाषण, संकेतस्थळासाठी थोडं आवरून

मंडळी, नमस्कार. वडे गार व्हायच्या आत आटपा, असं अध्यक्षांनी बजावलंय, तेव्हा प्रस्तावना गाळतो.

गेल्या रविवारी पथकाचा सराव चालला होता. ढोलांची पानं ताणून होईपर्यंत मुलं टेकली होती. आपल्यातलाच एक बारावीचा मुलगा टिपरू खाली ठेवत म्हणाला, "काका, कॉलेजच्या फॉर्मवर मी पथक लिहिलं नाही. टू इंडियन वाटतं." सहा वर्षं कमरेला ढोल बांधणारा मुलगा. बरं, हे अगदी सहज म्हणाला, सरावाची वेळ सांगावी तसं. मागे उभ्या असलेल्या दोघी आयांनी माना डोलावल्या, ते मला जास्त लागलं.

आधी फॉर्मचंच बघू. कॉमन अ‍ॅपवर, म्हणजे इथल्या बऱ्याच कॉलेजांना चालणाऱ्या एकाच अर्जावर, उपक्रमांसाठी १० जागा असतात. प्रत्येकाच्या वर्णनाला १५० अक्षरं, म्हणजे आपल्या ग्रुपवरच्या सुप्रभातापेक्षाही कमी. वंशाचा चौकोन वेगळा असतो. तो भरणं ऐच्छिक आहे, आणि २०२३ पासून कॉलेजांना तो अर्ज वाचणाऱ्यांपासून झाकून ठेवता येतो. तेव्हा ‘एशियन’वर टिक करायची की नाही, यावरून आपल्या घराघरांत जी रणं माजतात ती आता बहुतेक फुकट आहेत. आडनाव मात्र झाकलं जात नाही. कुलकर्णी किंवा जाधव वाचून कुणी तुम्हाला नॉर्वेचे समजणार नाही. मग ढोल लपवून नेमकं काय लपलं?

तरी पोराला हसू नका. त्याची भीती हवेतून आलेली नाही. प्रवेश देताना आशियाई मुलांवर अन्याय होतो, असा हार्वर्डविरुद्धचा खटला २०१४ च्या नोव्हेंबरात दाखल झाला, आणि त्यात तिथला गुणांचा कागद सगळ्यांसमोर आला. अभ्यास, उपक्रम, खेळ, व्यक्तिमत्त्व, प्रत्येकाचा वेगळा अंक. १ म्हणजे उत्तम. अभ्यासात आशियाई मुलं पुढे, आणि व्यक्तिमत्त्वाच्या रकान्यात सरासरीने गोऱ्या मुलांच्या मागे. न्यायाधीश अ‍ॅलिसन बरोज यांनी २०१९ मध्ये ही तफावत मान्य केली, पण जाणूनबुजून भेदभाव झाल्याचं सिद्ध होत नाही, असा निकाल दिला. नाकारल्या गेलेल्या एकाही विद्यार्थ्याची साक्ष त्या खटल्यात झाली नव्हती, हेही लक्षात ठेवा. पुढे २९ जून २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वंश विचारात घेण्याची हार्वर्डची पद्धतच मोडीत काढली.

आता वडे खाताना होणाऱ्या वादाकडे येऊ. हार्वर्ड खासगी आहे ना? मग कुणाला घ्यायचं ते त्यांचं त्यांनी ठरवावं की!

अमेरिकी घटनेची १४ वी, समान वागणुकीची दुरुस्ती सरकारला बांधते, म्हणून त्याच निकालातलं नॉर्थ कॅरोलिनाचं सरकारी विद्यापीठ थेट अडकलं. हार्वर्डला धरलं ते १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने. त्याचं सहावं प्रकरण म्हणतं की केंद्राचा पैसा घेतलात तर वंश, रंग, मूळ देश पाहून भेदभाव करायचा नाही. हा पैसा म्हणजे नुसती संशोधनाची अनुदानं नव्हेत. अशाच धाटणीच्या दुसऱ्या एका कायद्याखाली १९८४ मध्ये ग्रोव्ह सिटी कॉलेजचा निकाल लागला: विद्यार्थ्याला मिळालेलं केंद्राचं शिक्षणसाहाय्य कॉलेजच्या फीत आलं, तर ती कॉलेजलाच मिळालेली मदत. तेव्हा बंधन त्या एका विभागापुरतं होतं. १९८८ मध्ये कायदा बदलला आणि पैसा एका दाराने आत आला तरी अख्खी संस्था बांधली जाऊ लागली. ज्यांना हे नकोच, ती हिल्सडेल आणि ग्रोव्ह सिटीसारखी कॉलेजं केंद्राचं विद्यार्थी-साहाय्यसुद्धा नाकारतात. इतकं करूनही पूर्ण मोकळीक नाही. १८६६ च्या कायद्यानुसार खासगी करारातही वंशभेद चालत नाही, आणि १९७६ मध्ये त्याच आधारावर खासगी शाळांना कृष्णवर्णीय मुलांना दार बंद करायला मनाई झाली.

‘आमची संस्था, आमचे नियम’ हा सूर बॉब जोन्स विद्यापीठानेही लावला होता. तिथे वेगवेगळ्या वंशांच्या मुलामुलींनी एकत्र फिरायला बंदी होती. त्यांची करसवलत काढून घेतली गेली आणि १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते योग्य ठरवलं. हार्वर्डचा हेतू निराळा होता, दार उघडायचा होता, हे मला मान्य आहे. पण मोकळीक कायद्यात लिहिली की ती हेतू विचारत बसत नाही. म्हणून जनतेचा पैसा घेणाऱ्या विद्यापीठाला वंश मोजायची मोकळीक नसावी, या मताचा मी आहे.

इथे टाळ्या वाजवणाऱ्यांनी थोडं थांबावं. आपल्याला हा वाद काही नवा नाही. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, इनामदार विरुद्ध महाराष्ट्र शासन, ऑगस्ट २००५: विनाअनुदानित खासगी कॉलेजांवर सरकारला आरक्षण लादता येणार नाही. काही महिन्यांत ९३ वी घटनादुरुस्ती आली आणि सरकारला तो अधिकार मिळाला. त्याच इनामदार निकालात १५ टक्क्यांपर्यंत एनआरआय जागांना परवानगी होती. इथे ‘मेरिट, मेरिट’ म्हणून घसा कोरडा करायचा आणि तिकडे भाच्यासाठी डॉलरमध्ये फी भरून ती जागा धरायची. हात वर करायला सांगत नाही. वडे आहेत पुढे.

आणि लेगसी, म्हणजे आईवडील त्याच कॉलेजचे म्हणून मुलाला मिळणारं झुकतं माप? हार्वर्ड खटल्यातल्याच आकडेवारीवरून झालेला अभ्यास सांगतो की प्रवेश मिळालेल्या गोऱ्या विद्यार्थ्यांपैकी ४३ टक्क्यांहून जास्त जण खेळाडू, माजी विद्यार्थ्यांची मुलं, प्राध्यापक-कर्मचाऱ्यांची मुलं किंवा डीनच्या खास यादीतले होते. याला वंश म्हणत नाहीत, म्हणून २०२३ च्या निकालाने त्याला धक्का लागला नाही. मेरीलँडने २०२४ मध्ये खासगी कॉलेजांतही लेगसी बंद केली, कॅलिफोर्नियात सप्टेंबर २०२५ पासून ती बंदी लागू झाली. एमआयटी तर ती पाहतच नाही. बाकी बऱ्याच ठिकाणी वडिलांच्या पदवीला अजून वजन आहे. निकालाच्या दिवशी आपल्या ग्रुपवर पेढ्यांची चित्रं पडली. लेगसीबद्दल तिथे एक ओळ मला दिसली नाही. कारण उघड आहे. आपली मुलं आता त्याच कॉलेजांतून बाहेर पडताहेत, नातवंडांच्या वेळी ही सोय आपल्याला हवी असणार. आपल्या मंडळात तरी काय निराळं आहे? मिरवणुकीत ध्वज दरवर्षी माजी अध्यक्षांच्याच घरात जातो. भाषणाला मी उभा आहे, तोही गुणवत्तेवर नव्हे. कोषाध्यक्ष माझे साडू आहेत.

पेढ्यांचा हिशेबही सांगतो. निकालानंतरच्या पहिल्या वर्षी एमआयटीत आशियाई विद्यार्थी आधीच्या काही वर्षांच्या सरासरी ४१ टक्क्यांवरून ४७ वर गेले, कृष्णवर्णीय १३ वरून ५ वर आले. येलमध्ये त्याच वर्षी आशियाई ३० वरून २४ वर उतरले. आपल्या ताटातला घास कुणी पळवला होता, याचं एक उत्तर यातून निघत नाही.

आता पुन्हा त्या पोराकडे. न्यायालयाने चौकोन मोजायला बंदी घातली, पण सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी निकालातच लिहिलंय की वंशाचा आपल्या आयुष्यावर काय परिणाम झाला हे अर्जदाराने सांगितलं तर ते विचारात घ्यायला हरकत नाही. मात्र ते त्याच्या धैर्याशी, एखाद्या गुणाशी जोडलेलं हवं. म्हणजे ढोल लिहायला कायद्याची आडकाठी नाही. तो नीट लिहा, एवढंच. ‘पथकाचा सदस्य’ ही वाया गेलेली ओळ. आठवड्याला किती तास, वर्षात किती आठवडे, हे फॉर्म विचारतोच. त्या १५० अक्षरांत काय केलं ते सांगा: नवख्यांना हात बसवून दिला, लय चुकली की रांग सावरली, पावसात भिजून उतरलेली पानं पुन्हा ताणली. संस्कृतीचं प्रवचन नको. ६५० शब्दांच्या निबंधात गणपती आणि आजी एकत्र आले की वाचणाऱ्याला शेवट आधीच कळतो.

हे सगळं त्याला सांगून झालंय. त्याने ऐकून घेतलं, "हो काका" म्हणाला. पहिल्या फेरीची मुदत १ नोव्हेंबर आहे, निकाल डिसेंबरात.

काल मिरवणुकीत तो पहिल्या रांगेत होता, आणि काय वाजवत होता! शेवटी मित्राने व्हिडिओ दाखवला, तेव्हा त्याने तो पुन्हा पुन्हा पाहिला. मग फोन परत देत म्हणाला, "डिसेंबरपर्यंत पोस्ट करू नको हं."