पोतोसी: चांदीच्या डोंगराखालचं शहर

समोर दिसतोय तो लालसर, शेंड्याकडे निमुळता होत गेलेला डोंगर म्हणजे सेरो रिको. स्पॅनिशमध्ये याचा अर्थ श्रीमंत डोंगर. इथले केचुआ बोलणारे लोक मात्र त्याला सुमाक ओर्को म्हणतात, म्हणजे देखणा डोंगर. कोण कशाकडे बघत होतं, ते या दोन नावांतच आलं.

त्याच्या पायथ्याशी बोलिव्हियातलं पोतोसी. उंची चार हजार मीटरच्या वर. एकावर एक अडीच कळसूबाई रचा, मग इथवर पोहोचाल! चार पायऱ्या चढलं की धाप लागते. आजूबाजूला झाड औषधालाही नाही. इथं शहर वसवायचं कुणी मनातही आणलं नसतं. पण 1545 मध्ये डोंगरात चांदी सापडली आणि 17व्या शतकाच्या सुरुवातीला इथली वस्ती दीड लाखाच्या घरात गेली.

वरवरची कसदार चांदी लवकरच संपली. उरला हलक्या प्रतीचा दगड. तो दळायचा, मीठ आणि पाऱ्यात कालवायचा, पायांनी तुडवायचा, मग पारा उडवून चांदी वेगळी करायची. दळायला पाणचक्क्या हव्यात आणि पाऊस तर वर्षातले थोडेच महिने. म्हणून 1570च्या दशकात स्पेनचा व्हाइसरॉय फ्रान्सिस्को दे तोलेदो याच्या अमदानीत वरच्या डोंगरांत बांध घालायला सुरुवात झाली. पुढे असे बावीस तलाव झाले. त्यांचं पाणी कालव्यानं शहरातून नेलं. कालव्याच्या एका बाजूला स्पॅनिश लोकांची चौकोनी आखलेली पेठ, दुसऱ्या बाजूला मजुरांच्या वस्त्या.

15 मार्च 1626 रोजी सान इल्देफोन्सोचा बांध फुटला. लोंढ्यानं चक्क्या, घरं, माणसं, सगळं वाहून नेलं.

मजूर आले कुठून? तोलेदोनंच ‘मिता’ लावून दिली होती. मिता म्हणजे पाळी. स्पॅनिश येण्याआधीच्या इंका राजवटीत रस्ते, बांधकामं अशा कामांसाठी लोक पाळीनं जात. तोच शब्द उचलून त्यानं खाणीची वेठ लादली. दरवर्षी सोळा प्रांतांतून तेरा हजारांच्या आसपास पुरुष. कित्येक जण बायकामुलांसह, लामा नावाच्या ओझ्याच्या जनावरांच्या पाठीवर शिधा लादून, आठवडेच्या आठवडे चालत येत. ही वेठ संपायला थेट एकोणिसावं शतक उजाडलं.

आता टाकसाळीत येऊ. ही इमारत 1773 मध्ये पूर्ण झाली. लाकडी चाकाचे हे दाते बघा, एकेक हाताच्या पंजाएवढा. खालच्या मजल्यावर खेचरं गोल गोल फिरायची आणि वर चांदीच्या पट्ट्या लाटल्या जायच्या. इथले रियाल, म्हणजे चांदीची स्पॅनिश नाणी, लामांच्या आणि खेचरांच्या तांड्यांतून किनाऱ्याला, तिथून जहाजानं स्पेनला जात. अमेरिकेतली बरीचशी चांदी पुढं मिरी आणि कापडाच्या बदल्यात गोव्याला, सुरतेला उतरली आणि सुरतेच्या टाकसाळीत वितळून तिचे मुघल रुपये झाले. आपल्याकडच्या एखाद्या जुन्या रुपयात या डोंगराचा कण असेलही.

खाणी आजही चालू आहेत. चांदीबरोबर जस्त आणि कथील निघतं. आत शिरताना कामगार शिंगं असलेल्या मातीच्या ‘तिओ’पुढे थांबतात. बाहेर देव येशू, आतला मालक हा. त्याच्या तोंडात पेटती सिगारेट, पायाशी कोकाची पानं, थोडी दारू.

डोंगर आतून इतका पोखरलाय, की माथा खचू लागलाय. 1987 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात गेलेलं हे शहर 2014 पासून धोक्यातल्या वारशाच्या यादीत आहे. माथ्यावरचे खड्डे बुजवायचे प्रयत्न झाले. खालून सुरुंगाचा दबका आवाज येतोच आहे.