आतली कडी, बाहेरचं कुलूप

मंडळी, वर्गात करंगळी वर केली की एकीला जायची परवानगी मिळते. पारलिंगी मुलाची, म्हणजे जन्माच्या वेळी नोंदलेल्या लिंगापेक्षा ज्याची स्वतःची ओळख वेगळी आहे अशा मुलाची, अडचण त्यानंतर सुरू होते. मुलांकडे जावं तर टवाळी, मुलींकडे जावं तर आरडाओरड. मग ते मूल सकाळपासून पाणी पिणंच बंद करतं. एप्रिलात आपल्या खान्देशात पारा 44-45 ला टेकतो. त्या उन्हात पाणी तोडलं, लघवी तासन्‌तास धरून ठेवली, की जळजळ, मूत्रमार्गाचा संसर्ग, मुतखडा ही रांग लागते. पालक उन्हाळी लागली म्हणून सब्जाचं पाणी देतात.

यावर उपाय म्हणजे शाळेत सर्वांसाठी एक तिसरं स्वच्छतागृह. आधी कायद्याचं थोडक्यात. 'आरटीईत, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात, मुलं आणि मुली अशी दोनच स्वच्छतागृहं आहेत,' असं मुख्याध्यापक सांगतात. 2009 च्या त्या कायद्याच्या अनुसूचीत तसं आहे खरं, पण तो किमान निकष झाला. तिसऱ्या दाराला मनाई कुठे आहे? नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्यात 15 एप्रिल 2014 ला सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांसाठी सार्वजनिक स्वच्छतागृहांची सोय करायला सरकारांना सांगितलं. तृतीयपंथीयांच्या हक्कांच्या 2019 च्या कायद्याने शिक्षणसंस्थांमध्ये भेदभावाला बंदी घातली. त्याच कायद्याच्या 2020 च्या नियमांत तर संस्थेच्या समान संधी धोरणात युनिसेक्स, म्हणजे कुणालाही वापरता येणाऱ्या, स्वच्छतागृहाचा नावानिशी उल्लेख आहे. तक्रार अधिकारी नेमायचा, त्याने 15 दिवसांत चौकशी करायची, अहवालावर संस्थाप्रमुखाने 15 दिवसांत कारवाई करायची. 'वरून जीआर आला की बघू' म्हणून भागत नाही.

आता खोलीकडे येऊ. नवं बांधकाम बहुतेक ठिकाणी लागत नाही. कर्मचाऱ्यांच्या तीन-चार स्वच्छतागृहांपैकी एक मोकळं करा. आतून निदान तीन फूट बाय चार फूट हवं. दिव्यांगांचं एकुलतं एक काढून घेऊ नका. ते सामाईक ठेवायचंच असेल तर चाकाची खुर्ची वळेल इतकी, म्हणजे दीड मीटर व्यासाची, मोकळी जागा तशीच राहू द्या आणि पहिला हक्क त्यांचा.

पाटीवर 'तृतीयपंथीयांसाठी' लिहिलंत की खोली फुकट गेली. आत जाणारं मूल सगळ्या शाळेला आपली ओळख सांगत आत जाणार, म्हणजे ते जाणारच नाही. 'सर्वांसाठी स्वच्छतागृह' एवढंच लिहा आणि शिक्षकांनीही ते वापरा. जागा पाण्याच्या टाकीच्या वाटेवर असावी. तिथे कोण कशाला चाललंय हे कुणी बघत नाही. इमारतीमागचा कोपरा नको, तिथेच मुलं गाठून त्रास देतात.

दारापाशी मात्र थांबू. आपल्याकडे स्वच्छतागृहाला बाहेरूनही कडी असते. टवाळ पोरं नेमकी तीच लावून पळतात आणि आतलं मूल पुढचा तास संपेपर्यंत दार वाजवत बसतं. बाहेरची कडी काढून टाका. आत अशी कडी बसवा की लावल्यावर बाहेरून कडीच्या छोट्या खाचेत लाल खूण दिसेल, आणि कुणाला भोवळ आली तर बाहेरून नाणं घालून ती फिरवता येईल. प्लायवूडचं दार पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, मग कडी भोकात बसत नाही. पीव्हीसीचं दार दोन बिजागऱ्यांवर लोंबतं, तिसरी लावा. कडीला लाकडी स्क्रू नकोत, आरपार बोल्ट हवेत. स्क्रू महिनाभरात निघून येतात. भिंत छतापर्यंत न्या, वरून डोकावायला जागा नको. खिडकी साडेसहा फुटांवर. आत कपडे अडकवायला खुंटी आणि झाकणाचं डस्टबिन. पारलिंगी मुलग्यांना, म्हणजे जन्माच्या वेळी मुलगी म्हणून नोंद झालेल्यांना, पाळी येते, हे ठेकेदाराला सांगितल्याशिवाय सुचत नाही.

पाण्याचा हिशेब सोपा आहे. एका वापराला दहा लिटर धरा, दिवसाला वीस वापर, झाले दोनशे लिटर. तेवढी वेगळी टाकी सावलीच्या बाजूला ठेवा. गच्चीवरची टाकी तापली की दुपारी नळाला चटका देणारं पाणी येतं.

मधली सुट्टी वीस मिनिटांची, एकाला दोन मिनिटं लागली तरी एका खोलीत दहाच जण उरकतात. छाती सपाट दिसावी म्हणून पट्टा बांधणाऱ्या पारलिंगी मुलाला पाच मिनिटंही लागतात. म्हणून तास चालू असताना जायची मुभा द्या, कारण विचारू नका.

ही खोली पर्याय आहे, सक्ती नाही. पारलिंगी मुलगी, म्हणजे जन्माच्या वेळी मुलगा म्हणून नोंद झालेली, मुलींकडे जात असेल तर तिला हाकलून इकडे पाठवणं हा भेदभावच. दारात ओळखपत्र मागायचं काम शिपायाचं नाही. कुणी कुणाला त्रास दिला तर त्या वागण्यावर कारवाई करा, मग तो कोणीही असो. सीसीटीव्हीचा रोख दारावर नको, वाटेवर चालेल.

राहता राहिली चावी. खोली तयार होते, उद्‌घाटन होतं, फोटो निघतो. पंधरा दिवसांनी 'घाण होते' म्हणून कुलूप लागतं, चावी ऑफिसात जाते, आत झाडू आणि मोडकी बाकं येतात. घाण होते कारण त्या खोलीचं नाव सफाईच्या यादीतच नसतं. यादीत नाव घाला, दिवसातून दोन वेळा, सुट्टीआधी आणि सुट्टीनंतर. आणि उद्या शाळेत गेलात की स्वतः आत जा, कडी लावा, नळ सोडा, दिवा लावा. कडी लागली नाही तर सुतार उद्याच बोलवा.